गुवाहाटीची पिल्लं, व्हाया हैदराबाद

“मॅडम, नकाशा बघू नका. घड्याळ बघा,” शिंगटे म्हणाला.

“का नको बघू? गुवाहाटी कुठे, हैदराबाद कुठे! मला न्हावऱ्याहून पुण्याला जायचंय आणि ड्रायव्हर म्हणाला, आधी दौंडला जाऊ, तर मी त्या गाडीत बसेन का?”

पुणे विमानतळाच्या कार्गो ऑफिसबाहेर आम्ही उभे होतो. डिसेंबरची सकाळ होती. थंडी चांगलीच होती, पण मला स्वेटर काढावासा वाटत होता. माझा आवाज एवढा चढला होता की समोरचा फोर्कलिफ्टवाला गाडी उभी करून आमच्याकडे बघत राहिला. त्याचा माल खाली राहिला, आमचं भांडण त्याला जास्त महत्त्वाचं वाटलं.

माझी न्हावऱ्याला हॅचरी आहे. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. कोंबडी बसवून नाही, मशीनमध्ये. मी सुरुवात केली वरवंडच्या बाजारात अंड्यांचे ट्रे घेऊन बसण्यापासून. मग दौंडच्या बाजूला एका हॅचरीत अंडी भरायच्या कामाला लागले. तिथे डोळे उघडे ठेवून बरीच वर्षं काढली आणि शेवटी एका बंद पडलेल्या हॅचरीची जुनी मशीन घासाघीस करून उचलून आणली. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. मंगळसूत्रसुद्धा माझ्यासाठी सासऱ्यांनी घेतलं तेव्हा घडणावळीवर मीच बोलले होते. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण घडणावळ कमी झाली.

माझी पिल्लं गावरान जातीची, रंगीत, परसात हिंडून जगणारी. आजवर ती एक मोठी कंपनी माझ्याकडून घ्यायची आणि आपलं लेबल लावून पुढे विकायची. पिल्लू माझं, नाव त्यांचं. हे मला कायम खुपायचं. त्या वर्षी पहिल्यांदा आसाममधून थेट मला फोन आला. गुवाहाटीजवळच्या काही गावांत बायकांचे गट होते. पुरात त्यांच्या कोंबड्या वाहून गेल्या होत्या. गटाची सचिव रूमी नावाची मुलगी, चांगलं हिंदी बोलणारी. ती म्हणाली, “दीदी, पहला लॉट अच्छा पहुँचा, तो पूरा साल आपसे लेंगे. नहीं तो हमको वापस कंपनी के पास जाना पड़ेगा.” तिकडे बायकांनी बांबूची खुराडी बांधून, भुसा अंथरून तयारी ठेवली होती. तीस खोकी पिल्लं, माझ्या नावाने. पुढे माझ्या नावाने काही जाणार की नाही, ते ह्या तीस खोक्यांवर होतं.

आता इतक्या लांब पिल्लू जिवंत जातं कसं, हे मला सगळेच विचारतात. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना उरलेला बलक पोटात घेऊन येतं. तीच त्याची शिदोरी. त्यावर ते दोनेक दिवस दाण्यापाण्याशिवाय आरामात काढतं. म्हणून पिल्लं विकायची ती एक दिवसाची असतानाच. आमच्या धंद्यात त्याला डे-ओल्ड म्हणतात. खोकं पुठ्ठ्याचं, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पाव शेकडा पिल्लं. झाकणाला आणि चारी बाजूंना गोल भोकं. शंभरामागे दोन पिल्लं वर द्यायची पद्धत आहे, वाटेत एखादं गेलं तर घेणाऱ्याचं नुकसान नको म्हणून.

शिंगटे हा कार्गो एजंट. विमान कंपनी तुमच्या-माझ्यासारख्याशी थेट फार बोलत नाही, मधे असा एक माणूस लागतो. तो विमानात जागा धरतो, कागद करतो, माल काउंटरला लावून देतो. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड आणि मुद्द्यावर आलं की फोनची रेंज जाणारा. त्याच्याशी माझं पहिलं भांडण वजनावरून झालं. विमानात हलका पण जागा खाणारा माल वजनावर नाही, आकारावर मोजतात. पिल्लू म्हणजे मूठभर कापूस, पण खोकं मोठं. “मी पिल्लं पाठवतेय का हवा?” असं मी त्याला विचारलं होतं. दोन दिवस झोंबून मी त्याला खाली आणलं आणि वर एक अट घातली. विमान डायरेक्ट पाहिजे. मधे उतरवणं नाही, चढवणं नाही. तो म्हणाला, “शब्द देतो मॅडम.”

डायरेक्टचा आग्रह का, तेही सांगते. इंटरनेटवर बघितलं तर पुणे ते गुवाहाटी सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरच्या आसपास आणि विमानाला साधारण तीन तास. हे तीन तास प्रवाशाचे. त्यातही विमान कंपनी वेळ मोजते ती चाकाखालची अडण काढल्यापासून दुसरीकडे चाकाखाली अडण लावेपर्यंत. त्याला ते ब्लॉक टाइम म्हणतात. माझ्या पिल्लाचं घड्याळ मात्र मशीनमधून काढून खोक्यात घातलं तिथे सुरू होतं. मग टेम्पो, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, वाघोलीची गर्दी. मग कट-ऑफ, म्हणजे विमान सुटायच्या कितीतरी आधी माल ताब्यात द्यायची वेळ. मग धावपट्टीच्या कडेला ट्रॉलीवर थांबणं. मग विमान. मग तिकडे उतरवणं, कागद, परत गाडी, परत रस्ता. त्या तीन तासांचा अख्खा दिवस होतो. त्यात मधे आणखी एक विमानतळ म्हणजे आणखी एकदा चढ-उतार, आणखी एकदा उन्हात नाहीतर वाऱ्यात उभं राहणं.

आणि आदल्या दुपारी शिंगटेचा फोन. “मॅडम, डायरेक्टमध्ये प्रॉब्लेम झालाय. कोणी एक साहेब बदली होऊन तिकडे चाललेत. त्यांची दोन कुत्री त्याच विमानात बुक झाली.”

“मग?”

“कुत्री आणि पिल्लं एका होल्डमध्ये घेत नाहीत.” होल्ड म्हणजे विमानाचं पोट, प्रवाशांच्या पायाखालची सामानाची जागा.

“कुत्र्यांना परवा पाठवा.”

“साहेबांची कुत्री आहेत, मॅडम.”

“आणि माझी पिल्लं काय बेवारशी आहेत?”

त्याने मला न विचारता हैदराबादमार्गे जागा धरून टाकली होती. पुण्याहून हैदराबाद, तिथे विमान बदल, तिथून गुवाहाटी. मला म्हणाला, परवाही डायरेक्टला जागा नाही. मला थांबता येणार नव्हतं, कारण मशीनमधली अंडी कोणाची वाट बघत नाहीत. एकवीस दिवस झाले की पिल्लू बाहेर येतं, विमान असो नसो.

म्हणून दुसऱ्या दिवशी पिल्लं भरायच्या आधीच मी पुण्याला निघाले. भरायचं काम नामदेव आप्पांवर सोपवलं. आप्पा माझ्याकडचे सगळ्यात जुने माणूस. पिल्लाला हात लावायची त्यांची पद्धत अशी की नवीन पोरींना मी उभं करून दाखवते. मी पुढे गेले ते फक्त शिंगटेला समोरासमोर गाठून भांडायला, जमलं तर कुत्री खाली उतरवायला.

कुत्री उतरली नाहीत. ती मला शेडमध्ये दिसलीसुद्धा. दोन्ही उंची जातीची, पिंजऱ्यात गादीवर पसरलेली. त्यातलं एक माझ्याकडे बघून जांभई देऊन परत झोपलं.

भांडून एवढंच मिळालं की खोकी आल्यावर शेडमध्ये एकावर एक रचायची नाहीत, विमानात भरेपर्यंत मोकळी पसरून ठेवायची. शिंगटे जागेवरून कुरकुरला. मी म्हटलं, “डायरेक्ट देत नाही, जागा तरी दे.” त्याने दिली. टेम्पो वेळेवर आला. काउंटरवरच्या माणसाने जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला बघितला, खोकी मोजली, झाकणाच्या भोकांतून टॉर्च मारून आत डोकावला. पिवळी-काळी पिल्लं चिवचिवत होती. “सब जिंदा है,” असं म्हणून त्याने शिक्के मारले, पट्ट्या लावल्या. माल त्यांच्या ताब्यात गेला. बाराच्या सुमारास विमानाची दारं लागल्याचा मेसेज शिंगटेच्या फोनवर आला.

मी टेम्पोत पुढच्या सीटवर बसले, चपला काढल्या आणि आप्पांना फोन लावला.

“गेली आप्पा एकदाची. बसली विमानात.”

“बरं झालं बया,” आप्पा म्हणाले. “ताई, तुमी आता काय बी काळजी करू नगा. म्या चारी अंगानं आतून पेपर लावलाय. टिपूसभर वारं शिरायचं न्हाई.”

मी चपला परत पायात घातल्या.

हिवाळ्यात आम्ही टेम्पोने पिल्लं लांब पाठवतो तेव्हा खोक्याच्या आतून बाजूंना जुनं वर्तमानपत्र लावतो. गाडी पळत असली की बाजूच्या भोकांतून गार वारा घुसतो आणि पिल्लं गारठून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. खालची गुदमरून मरतात. कागद लावला की वारा अडतो, आणि टेम्पोत खोकी फळ्यांवर सुटी ठेवतो म्हणून झाकणाची भोकं मोकळी असतात, त्यातून हवा येते. आमच्याकडे सगळ्याच हॅचऱ्यांत हे करतात. टेम्पोत ते बरोबरच आहे.

“आप्पा, विमानात कुणी पेपर लावायला सांगितला?”

“आता सांगाया कशाला पायजे? टेम्पोला एवढं वारं लागतं, इमान तर केवढ्या जोरात जातं! आन् वर तर बर्फावानी गार असतंय म्हंत्यात. म्या तर डबल पेपर लावलाय.”

त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. विमान टेम्पोपेक्षा जोरात जातं हे खरंच आहे. फक्त विमानाच्या पोटात वारा नसतो. हवा असते, जिवंत माल असेल तर ऊबही ठेवतात, पण ती हवा जागच्या जागी उभी असते. आणि तिथे खोकी पसरून ठेवत नाहीत. एकावर एक रचून वरून जाळी आवळतात. रचली की झाकणाची भोकं वरच्या खोक्याखाली जातात. उरतात फक्त बाजूची. ती आप्पांनी आतून डबल बंद केली होती. टॉर्च मारणाऱ्याने वरून बघितलं, त्याला पिल्लं दिसली, कागद दिसला नाही. मीही भांडणाच्या नादात खोक्यांच्या बाजूंकडे बघितलं नव्हतं. शंभर पिल्लांच्या अंगची ऊब एका बंद खोक्यात म्हणजे काय, ते हॅचरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी फोनवर ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “मंग आता वो?”

मी फोन ठेवला आणि पळत सुटले.

शिंगटे चहाच्या टपरीवर होता. मला येताना बघून त्याने कप खाली ठेवला. त्याला वाटलं, मी परत कुत्र्यांवरून भांडायला आले.

“विमान थांबवा.”

“काय?”

“थांबवा म्हणते ना! खोकी खाली घ्यायचीत.”

“मॅडम, ती काय एसटी आहे का, घंटी मारून थांबवायला? ते बघा.” त्याने बोट दाखवलं. भिंतीपलीकडून आवाज आला आणि एक विमान वर चढताना दिसलं. तेच होतं की दुसरं, देव जाणे. मला तेच वाटलं.

मी त्याला सगळं सांगितलं. मला धाप लागली होती, त्यामुळे ओरडता येत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्याने पहिल्यांदा माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याने फोनवर काहीतरी बघितलं.

“हैदराबादला तासाभरात उतरेल,” तो म्हणाला. “तिथे आपली खोकी खाली येतात. दुसऱ्या विमानात चढायच्या आधी ट्रान्झिट शेडमध्ये थांबतात. तिथे काहीतरी करता येईल.”

“आणि डायरेक्ट असतं तर?” हा प्रश्न त्याने विचारला नाही. मीही विचारला नाही. पण आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांच्या मनात तोच होता. डायरेक्ट असतं तर तीन तास ते दार उघडलंच नसतं. तीन तासांत किती पिल्लं टिकली असती, मला सांगता येणार नाही. मी अंदाज करायलाही घाबरत होते.

तासाभराचं अंतर म्हणजे किती थोडं, असं मला एरवी वाटलं असतं. त्या दिवशी मी टपरीच्या बाकावर बसून कितीदा उठले आणि बसले! शिंगटे सतत फोनवर होता. हैदराबादचा नंबर, मग त्याच्या साहेबाचा नंबर, मग तिथल्या शिफ्टच्या माणसाचा नंबर. त्याच्या फोनची रेंज त्या दिवशी एकदाही गेली नाही. मधेच त्याने माझ्यासमोर भजी सरकवली. मी खाल्ली नाहीत. त्यानेही खाल्ली नाहीत.

शेवटी शिफ्टचा माणूस फोनवर आला. वाजिदभाई नाव. शिंगटेने स्पीकर लावला.

“देखो भाई,” वाजिदभाई म्हणाले, “सील लगे सो डब्बे हैं. हम नै खोलते. खोले तो सिक्युरिटी फिर से होना. उसमें आगे की फ्लाइट गई. फिर कल तक यहींच पड़े रहते तुम्हारे बच्चे.”

शिंगटेने माझ्याकडे बघितलं. त्याचं बोलणं संपलं होतं. माझं संपलं नव्हतं. मी फोन हातात घेतला.

“भाईसाब, मैं पिल्लों की मालकिन बोल रही हूँ. आप बोले खोलना नहीं. ठीक है. खोलो मत.”

“हौ, वोइच बोला मैं.”

“झाकण को हात भी मत लगाओ. सील को भी नहीं. डब्बे के साइड में गोल छेद हैं ना?”

“रहते. ऐसे डब्बे आते रहते इधर.”

“वो छेद तो पहले से खुले हैं ना? सील उसके ऊपर तो नहीं है?”

“नहीं रहती. सील ढक्कन पे रहती.”

“आपके जेब में पेन है?”

“पेन? है. कायकू?”

“छेद में पेन डालो, अंदर पेपर है, वो फाड़ो. बस. ऊपर की लाइन के छेद, नीचे के नहीं, नीचे पिल्लों के डोळे हैं.” घाईत माझ्या हिंदीत मराठी शिरतं. त्यांना कळलं.

“मॅडम, तीस डब्बे हैं. हर डब्बे को इत्ते सारे छेद.”

“आपके पास कितने आदमी हैं?”

“दो. खाना खारे.”

“चार लगाओ.”

“चार किधर से लाऊँ?”

“तीन लगाओ.”

ते हसले. घासाघीस करणारा माणूस घासाघीस करणाऱ्याला आवाजावरून ओळखतो. “अम्मा, तुम बाजार में बैठते क्या?” त्यांनी विचारलं.

“बैठती थी. अब हॅचरी है.”

“दिखरा,” ते म्हणाले. “ठीक है. मगर मेरे को लिख के होना. मेल करो, के शिपर बोलरा बाहर से छेद साफ करो, डब्बा खोलनेका नहीं. कल को कुछ हुआ तो मेरी नौकरी का सवाल.”

हे मात्र मला जमण्यासारखं नव्हतं. शिंगटेने फोन माझ्याकडेच राहू दिला आणि आपल्या दुसऱ्या फोनवर उभ्या उभ्या मेल लिहिला. तीन ओळींचा. खाली माझं नाव, त्याखाली स्वतःचं आणि एजन्सीचं. मला वाटलं होतं, तो स्वतःचं नाव टाकणार नाही. त्याने टाकलं. त्याच्याबद्दल हे एक मला लिहायलाच हवं.

विमान उतरलं. खोकी ट्रॉलीवरून शेडमध्ये आली. वाजिदभाईंनी फोन चालू ठेवला.

“मॅडम, पहला डब्बा सामने है.”

“आवाज आ रहा है?”

“नहीं आरा.”

पिल्लं गारठली तर कर्कश ओरडतात, कान किटवतात. ते ऐकून मी कधी घाबरत नाही, ऊब दिली की भागतं. पिल्लं तापली की आधी ओरडतात, मग चोच उघडून धापा टाकतात, आणि मग गप्प होतात. गप्प झालेलं खोकं म्हणजे वेळ संपत आलेली.

“फाड़ो भाईसाब. जल्दी.”

कागद फाटल्याचा आवाज फोनवर येतो हे मला त्या दिवशी कळलं. फट्, फट्, फट्. मागे कोणीतरी तेलुगूत काहीतरी बोललं आणि हसलं. मग आणखी माणसं आली असावीत, कारण आवाज इकडून-तिकडून येऊ लागले. एकाने पेनऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घेतला होता. मी ओरडले, “आराम से! पोटात घालशील कुणाच्या!” वाजिदभाई त्याला म्हणाले, “अरे, मॅडम को दिखरा तू.” त्यांनी खोकी एकमेकांपासून लांब सरकवली, शेडमधला मोठा पंखा दुसरीकडे तोंड करून लावला, म्हणजे थेट वारा नको पण हवा हलावी. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी कबुतरं होती, असं नंतर कळलं.

“मॅडम, लाइन पे रहना,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन एका खोक्याला लावून ठेवला.

मी फोन कानाला घट्ट धरला. शिंगटे माझ्याकडे बघत होता. पंख्याची घरघर येत होती. बाकी काही नाही. कितीतरी वेळ काही नाही. मग एक चिव. बारीक, जणू कोणीतरी झोपेतून उठलंय. मग दुसरी. मग एकदम चारही कप्प्यांतून गलका.

मी फोन शिंगटेच्या कानाला लावला. त्याने पिल्लांचा आवाज ऐकला आणि उगाचच म्हणाला, “हॅलो?”

मी बाकावर बसले आणि थंड झालेली सगळी भजी खाल्ली. त्याच्या वाटचीसुद्धा.

पुढचं विमान हैदराबादहून गुवाहाटी, अडीच तासांच्या वर. पण आता मला त्याची भीती नव्हती. मी न्हावऱ्याला परतले. पूर्वेकडे सूर्य आपल्या आधी बुडतो. आमच्याकडे आकाशात अजून तांबडं होतं आणि रूमीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्यामागे चक्क अंधार पडला होता. एका बांबूच्या शेडमध्ये दिवे लावले होते. चार-पाच बायका खाली बसून खोक्यांची झाकणं उघडत होत्या. एकीने एक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात बुडवली. असं प्रत्येक पिल्लाचं करायचं असतं, एकदा पाण्याची चव कळली की ते स्वतः पितं. ह्या बायकांना ते कोणी शिकवायची गरज नव्हती.

“दीदी,” रूमी म्हणाली, “डिब्बे में छेद-छेद में कागज़ लटक रहा है. ये आपके यहाँ का स्टाइल है क्या?”

“हो,” मी म्हटलं. “आमच्याकडची स्टाइल आहे.”

दगावलेली पिल्लं निघाली, नाही असं नाही. खालच्या थरातल्या खोक्यांत जास्त. पण शंभरामागे जी दोन वर दिली होती, त्यातच ती भागली. रूमीने मोजून सांगितलं की जेवढी मागवली तेवढी मिळाली. मी मान हलवली आणि फोन खाली ठेवून ओट्यावरचं अख्खं तांब्याभर पाणी प्यायले. आप्पा दारातच उभे होते. दुपारपासून त्यांनी जेवण केलं नव्हतं, असं माझी सून म्हणाली.

“जिवंत हायती का?” त्यांनी विचारलं.

“आहेत. जेवा जा.”

“म्या आपलं थंडीचं म्हनून...”

“आप्पा, विमानाला खिडक्या उघड्या नसतात.”

“मंग मला कुनी बसवलंय इमानात?” आप्पा चिडून म्हणाले. आणि ते बरोबरच बोलले. मीही कधी बसले नव्हते.

तो लॉट गेल्यावर वर्षभराची ऑर्डर ठरली, आणि खोक्यावर नाव माझं. वाजिदभाईंना मी दिवाळीला चिवडा पाठवते, त्यांच्या कबुतरांसाठी बाजरीही. एजंट म्हणून शिंगटेला मी बदललेलं नाही. त्याने मला न विचारता, साहेबाच्या कुत्र्यांसाठी माझं विमान बदललं, हे मी विसरलेलेही नाही. दर वेळी नवीन भाव ठरवताना मी ते काढते. तो म्हणतो, “मॅडम, त्या बदलामुळे तर तुमची पिल्लं वाचली!” मी म्हणते, “ते तुला आधी माहीत होतं का?” ह्यावर तो कॅल्क्युलेटर पुढे ओढतो, आणि भाव थोडा खाली येतो.

आता विमान ठरवताना किती किलोमीटर आणि किती तास, एवढं विचारून माझं भागत नाही. मी त्याला विचारते, काही चुकलं तर विमानाचं दार पहिल्यांदा कुठे उघडेल आणि तिथे फोन उचलणारा माणूस कोण आहे? शिंगटे म्हणतो, ही माहिती कुठल्याच वेबसाइटवर नसते. म्हणून तर त्याला कमिशन देते.